पॅटर्नचा कंटाळा आला म्हणून कोर्स बदलू का?

प्रश्न थोडक्यात असा: "मी इचलकरंजीची, घरी पप्पांचे कापडाचे माग. पुण्यात एका खासगी संस्थेत बी.डेस. (डिझाइनची पदवी) फॅशन डिझाइनच्या दुसऱ्या वर्षाला आहे. लहानपणापासून चित्रं काढायचे म्हणून इकडे आले, पण आता दिवसभर पॅटर्न मेकिंग (कपड्याचे कागदी बेत काढणं) आणि शिवण. डार्ट (कापडाला अंगाचा उंचवटा देणारी निमुळती शिवलेली घडी) फिरवून फिरवून डोकं फिरलं. स्केचबुक तीन महिने उघडलेलं नाही. टेक्स्टाइल डिझाइनला जावं का, की फॅशन कम्युनिकेशनला, की कसंबसं संपवून मास्टर्सला बाहेर जावं? पप्पा म्हणतात, लाखांनी फी भरून शिवणकामच शिकायचं होतं तर गल्लीतल्या शिवण क्लासला काय वाईट होतं. आणि खरं सांगा मॅडम, नोकरीत तरी क्रिएटिव्ह समाधान मिळतं का?"

पहिल्यांदा तुझा प्रश्न वाचला तेव्हा हसू आलं, कारण डार्टबद्दलचं तुझं वाक्य थोड्याफार फरकाने माझ्याही जुन्या वहीत आहे. दुसऱ्यांदा वाचला तेव्हा मात्र जाणवलं की एका प्रश्नात तू चार प्रश्न घातले आहेस आणि त्यातला कोर्सचा प्रश्न सगळ्यात सोपा आहे.

आधी माझ्याबद्दल, म्हणजे माझं म्हणणं किती धरायचं हे तुला ठरवता येईल. या धंद्यात मला चोवीस वर्षं झाली. पहिली नऊ मुंबईत एका एक्स्पोर्ट हाऊसच्या सॅम्पलिंगमध्ये गेली. त्यानंतर पुण्यात स्वतःचं छोटं वर्करूम काढलं: चार मशिनं, एक ओव्हरलॉक, एक मास्तर. वर्षातून दोन-चारदा कॉलेजांत ज्युरीला, म्हणजे मुलांचं काम तपासायला, जाते. मी कटिंग टेबलापाशी उभी राहून शिकलेली आहे, त्यामुळे माझं मत त्या बाजूला झुकलेलं असणार. आणि मॅडम नको, ताई चालेल.

पप्पांपासून सुरुवात करू. त्यांना जे दिसतंय ते खोटं नाही. फॅशन डिझाइनची पहिली दोन वर्षं बाहेरून शिवणकामच दिसतात. पण शिवण क्लासची बाई समोर उभ्या असलेल्या माणसाचं माप घेते आणि बेतते. नाही बसलं तर उसवते, पुन्हा टाके घालते. तू जे शिकते आहेस त्यात माणूस समोर नसतो. तू काढलेला पॅटर्न एस पासून डबल एक्सेलपर्यंत प्रत्येक मापात लहान-मोठा (ग्रेड) होणार, तुला कधीही न भेटलेला कारागीर दुसऱ्या गावात तो शिवणार आणि तुला फोन करून "ताई, इथे काय करू?" असं विचारायची सोय त्याला नसणार. सगळी उत्तरं कागदावर आधीच हवीत. नॉच (जोडखूण) कुठे, सूत कुठल्या दिशेला, शिवणीला किती माया (जादा कापड). पप्पांना हे त्यांच्या भाषेत सांग: डिझाइन कार्डाशिवाय मागावरची नक्षी विणणारी डॉबी चालेल का? मागवाल्या माणसाला एवढं पुरेल.

आता डार्ट. माझं डोकं फिरायचं थांबलं ते एका कुर्त्यामुळे.

पहिल्या नोकरीत सहावा-सातवा महिना असेल. मी काढलेला एक कुर्ता सॅम्पलला गेला. फिट मॉडेलने घातला, उभी राहिली, छान दिसला. मग तिने वरच्या फळीवरचा बॉक्स घ्यायला हात उचलला आणि अख्खा कुर्ता हाताबरोबर वर गेला. दंडात घट्ट, पाठीवर आडव्या ओढी. मी म्हटलं, मुंढा (बाही जोडतात तो काखेचा घेर) खाली करू या, सैल होईल. आमचे मास्तर, वय साठीचं, मूळचे लखनौकडचे, काही न बोलता माझ्या म्हणण्याप्रमाणे मुंढा दीड इंच खाली घेऊन दुसरा पीस शिवून मोकळे झाले. मॉडेलने हात उचलला. कुर्ता आणखी वर गेला!

मग त्यांनी तिसरा शिवला. मुंढा मूळच्यापेक्षा वर घेतला, बाहीच्या डोक्याची उंची कमी करून बाही रुंद केली आणि काखेत एक लहान चौकोनी तुकडा बसवला. ते त्याला चौबगला म्हणायचे. तो चौकोन काखेत कोनावर उभा बसतो, म्हणजे हात उचलला की ताण उरेबवर, म्हणजे कापडाच्या तिरप्या दिशेवर, येतो आणि कापड तिथे सुतासारखं सरळ न ओढलं जाता लवचिकपणे ताणतं. या वेळी मॉडेलने दोन्ही हात वर केले, कुर्ता जागच्या जागी. मास्तर एवढंच म्हणाले, "पुराना काम है, मॅडम." खरंच जुनं होतं. आपल्याकडचे जुने कुर्ते-अंगरखे सरळ आयतांतून, तिरक्या कळ्यांतून (निमुळत्या पट्ट्यांतून) बेतायचे. कापड वाया जवळजवळ जायचंच नाही आणि हातही मोकळा राहायचा. हे कोणीतरी, केव्हातरी, पहिल्यांदा शोधून काढलं असणार. त्याने स्केच काढलं असेल असं मला वाटत नाही.

त्या दिवसानंतर मी पॅटर्नकडे वेगळ्या नजरेने बघायला लागले. स्केचमध्ये तू ठरवतेस की कपडा कसा दिसावा. तो कसा वागावा, हे पॅटर्नमध्ये ठरतं. छातीचा डार्ट खांद्यावर नेलास तर पडणारी घडी वेगळी, कमरेत सोडलास तर वेगळी, चुण्यांत विरघळवलास तर तो परकर-पोलक्यातल्या पोलक्यासारखा भोळा दिसतो. उंचवटा तोच, जादा कापडही तेवढंच काढायचं, पण कपड्याचा स्वभाव बदलतो. कॉलेजात हे शिकवताना पंचवीस शीट भरून घेतात आणि तो सगळा थरार वहीत चिकटवून मारतात. ती तक्रार तुझी रास्त आहे. तरीही एकदा मांजरपाटावर, कागदावर नव्हे, स्वतःच्या मापाचा ब्लॉक (मूळ साधा बेत) काप, अंगावर घाल आणि आरशासमोर टाचण्या लावून डार्ट हलवून बघ. तरीही कंटाळा आला तर तो खरा कंटाळा आहे. मग त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही.

नोकरीतल्या समाधानाबद्दल तू "खरं सांगा" म्हणाली आहेस, तर खरं सांगते. माझ्या पहिल्या नोकरीत दिवसाचे नऊ-दहा तास असत आणि त्यातलं चित्र अर्ध्या तासाचं. बाकी टेक पॅक (कपड्याच्या मापा-शिलाईचा तपशील) भरणं, बायरच्या फिट कमेंट्सना उत्तरं देणं, लॅब डिप (रंगाचा नमुना तुकडा) ट्यूबलाइटखाली बघायचा की खिडकीपाशी यावर मर्चंडायझरशी भांडणं, बटणाचा नमुना वेळेत आला नाही म्हणून बाजार पालथा घालणं. एका सीझनला मी चाळीस शर्टांच्या चाळीस कॉलरी काढल्या. बायरने तीन घेतल्या, त्याही मागच्या वर्षीच्याच, टोक पाव इंच कमी करून.

पण त्याच नोकरीत एक गोष्ट घडली. तीन हजार पिसांची कुर्त्यांची ऑर्डर होती, कापड ४४ इंच पन्ह्याचं, पिसाला २.४० मीटर लागत होतं. त्यात माल तोट्यात जाणार होता, ऑर्डर सोडायची वेळ आली. मी आणि मास्तर दोन दिवस मार्कर (कापडावर सगळे भाग बसवायचा आराखडा) मांडत बसलो. कळीची शिवण थोडी मागे सरकवली, खिशाचं अस्तर कळीच्या उरलेल्या तिरप्या तुकड्यातून काढलं आणि पिसाला २.२५ वर आलो. पंधरा सेंटिमीटर. तीन हजार पिसांना साडेचारशे मीटर कापड वाचलं. बाहेरून कुर्ता तोच, उलट ती मागे सरकलेली शिवण दिसायला जास्त चांगली! त्या रात्री लोकलमध्ये मला जो आनंद झाला तो चाळीस कॉलरींनी कधी दिला नव्हता. हा किस्सा मी ज्युरीत सांगते तेव्हा अर्ध्या मुली जांभया देतात. एखाद-दुसरीचे डोळे चमकतात. तुझे चमकले की जांभई आली, तेवढं स्वतःशी प्रामाणिकपणे बघ.

आता कोर्स. तुझ्या लांबलचक प्रश्नात एक वाक्य होतं जे तू सहज लिहून पुढे गेलीस, मी तिथेच थांबले. तू लिहिलंस की नॅचरल डाइंगच्या असाइनमेंटला हॉस्टेलच्या पँट्रीत डाळिंबाची सालं उकळत रात्री दोनपर्यंत जागलीस, तुरटीने पिवळा आणि गंजक्या खिळ्यांच्या पाण्याने शेवाळी-करडा असे अकरा तुकडे केलेस आणि दुसऱ्या दिवशी पॅटर्नचं शीट द्यायचं विसरलीस. सबमिशनचं शीट विसरणं आणि त्याच रात्री सालं ढवळत उभं राहणं, यातून तुझा कल कळतो. टेक्स्टाइलकडे तुझा ओढा आहे, यात मला शंका नाही.

म्हणून लगेच बदल असं मात्र म्हणणार नाही. टेक्स्टाइल डिझाइनर म्हणजे रोज पातेल्यात रंग उकळणं, असं चित्र तुझ्या डोक्यात असेल तर ते काढून टाक. मिलमध्ये किंवा एक्स्पोर्टरकडे लागलीस तर संगणकावर, कॅडवर, रिपीट (पुन्हा पुन्हा येणारी नक्षी) बसवणं, एका प्रिंटचे सहा-आठ कलरवे (रंगसंगती) काढणं, शर्टिंगमध्ये असशील तर चेक्सचा सूत-हिशोब: किती धागे पांढरे, किती निळे, रीड-पिक (इंचात उभे-आडवे धागे) काय, दर मीटरला वजन किती. पडदे, चादरी, टॉवेल यांचं काम कपड्यांइतकंच, काही ठिकाणी जास्त असतं. चादरी-टॉवेलांचं सोलापूर तुला माहीत आहेच. काम शांत आहे, बारीक आहे, आणि तिथेही बायर "मागच्या वर्षीचंच, जरा वेगळं" असंच म्हणतो.

शिवाय हिशोब बघ. दुसऱ्या वर्षाच्या मध्यात शाखा बदलायला तुझी संस्था देते का, हे आधी लेखी विचार. बहुतेक ठिकाणी वर्ष आणि फी दोन्ही जातात. त्यापेक्षा हीच पदवी पूर्ण करून एम.डेस. (पदव्युत्तर पदवी) टेक्स्टाइलला करणं सरळ पडतं. अहमदाबादच्या एनआयडीत (राष्ट्रीय डिझाइन संस्थेत) टेक्स्टाइलचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे, निफ्टच्या (राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेच्या) एम.डेस.ला कुठल्याही शाखेचे पदवीधर बसू शकतात. ज्याला कपडा बेतता येतो असा टेक्स्टाइल डिझाइनर दुर्मीळ आहे. काठ कुठे पडणार हे त्याला कापड विणायच्या आधीच दिसतं. खणाची चोळी आठव: कापड अरुंद, दोन्हीकडे काठ, आणि ते काठ बाहीच्या टोकाला नेमके यावेत असा बेत. तिथे विणणारा आणि बेतणारा यांनी एकमेकांचा विचार केलेला दिसतो.

मी स्वतः यात चांगलीच आपटले आहे. कॉलेजात टेक्स्टाइल सायन्सच्या तासाला मी मागच्या बाकावर झोपायचे. पुढे स्वतःचं काम सुरू केलं, पहिलं कलेक्शन हातमागाच्या सुती कापडाचं, साठ कुर्ते. कापड बेतण्याआधी धुवायचं असतं हे ऐकलेलं होतं, पण घाई होती. एका दुकानात माल लागला, महिन्याभरात बावीस कुर्ते परत. चाळीसची छाती धुऊन अडतीस झाली होती. दुकानदार सभ्य माणूस, काही बोलला नाही. फक्त एक कुर्ता इंचपट्टीसकट माझ्यासमोर ठेवला. तो कुर्ता अजून माझ्या कपाटात आहे.

फॅशन कम्युनिकेशनचं तू लिहिलंस ते मला तुझ्या रूममेटकडे बघून लिहिल्यासारखं वाटलं. ती स्टायलिंग करते, रील्स चालतात, हातात पैसे येतात. उत्तम. तुझ्या प्रश्नात मांडणी, फोटो, लिखाण, मासिक याबद्दल एक ओळ नाही. सोडून दे.

परदेशी मास्टर्सही आत्ता नको. कर्ज काढून पळून जाण्यासाठी ती फार महाग जागा आहे. दोन वर्षं कुठेतरी काम कर, मग काय शिकायला जायचं ते तुला नेमकं माहीत असेल, पोर्टफोलिओही कॉलेजच्या असाइनमेंटचा उरणार नाही.

चित्राचं तेवढं बोलायचं राहिलं, आणि मला वाटतं तुझं खरं दुखणं तेच आहे. स्केचबुक तीन महिने बंद आहे म्हणजे आपल्यातली चित्रकार संपली, असं तुला वाटतंय. तुझ्या जिल्ह्यातल्याच वेशभूषाकार भानू अथय्या बघ. जन्म १९२९, कोल्हापूर. वडील अण्णासाहेब राजोपाध्ये चित्रकार, बाबूराव पेंटरांच्या चित्रपटांसाठी काम केलेले. भानूताई मुंबईच्या जे.जे. कला महाविद्यालयात चित्रकला शिकल्या, फॅशन डिझाइन नव्हे. सुरुवातीला त्या स्त्रियांच्या इंग्रजी मासिकांसाठी फॅशनची रेखाचित्रं काढायच्या. तिथल्या एका संपादिकेने बुटिक काढलं आणि त्यांना म्हटलं, कपडे करून बघ. तिथून सिनेमा, आणि 'गांधी' चित्रपटाच्या वेशभूषेसाठी १९८३ साली जॉन मोलो यांच्याबरोबर ऑस्कर, भारतातलं पहिलं. चित्रकाराचा हात कागदावरून कापडावर गेला, एवढंच झालं. उलट्या बाजूचं उदाहरण गोव्यातलं. फॅशन डिझाइनर वेंडेल रॉड्रिक्स आधी हॉटेल क्षेत्रात होते, मस्कतला नोकरी केली, साठवलेल्या पैशांवर लॉस एंजेलिस आणि पॅरिसला शिकायला गेले. पुढे त्यांनीच गोव्याच्या कुणबी साडीकडे पुन्हा लोकांचं लक्ष वळवलं. एकीने चित्रापासून सुरुवात केली, दुसऱ्याने हॉटेलपासून. तू दुसऱ्या वर्षाला आहेस बाई, एवढी घाबरू नकोस.

स्केचबुकाचं सोपं आहे. कपडे काढू नकोस त्यात. रोज दहा मिनिटं काहीही काढ, तुळशीबागेतल्या बांगड्यांचं दुकान, पीएमपी बसमधला माणूस. फॅशन इलस्ट्रेशनच्या त्या नऊ डोकी उंचीच्या बायका काढून काढून माझाही हात एक वर्ष मेला होता. कॉलेजला दाखवायचं नाही असं एक पुस्तक ठेव.

आणि कोर्स बदलायचा की नाही ते दिवाळीच्या सुट्टीनंतर ठरव. सुट्टीत घरी जाशील तेव्हा एवढं कर. पप्पांकडून पाच मीटर कोरं कापड घे. खर्चीवर, म्हणजे व्यापाऱ्याचं सूत मजुरीवर विणणाऱ्या मागाचं असेल तर ते व्यापाऱ्याचं, त्यामुळे विचारून, पैसे देऊन घे. एक मीटरवर पेनने पन्नास बाय पन्नास सेंटिमीटरचा चौकोन आख, गरम पाण्यात धू, वाळव, पुन्हा मोज. ताण्याकडून (उभ्या धाग्याकडून) किती आटलं, बाण्याकडून (आडव्या धाग्याकडून) किती, लिहून ठेव. दोन्ही आकडे सहसा सारखे येत नाहीत. का, ते पप्पांना विचार, ते तुझ्या प्राध्यापकांपेक्षा चांगलं सांगतील. मग सगळं कापड धुऊन तुझ्या त्या सालींनी रंगव. आणि त्याचा एक कुर्ता कर, चौबगला घालून, अशा बेताने की उरलेलं सगळं कापड तुझ्या एका मुठीत मावलं पाहिजे. स्केच आधी काढू नकोस. पन्ह्यात काय बसतं ते बघत बघत कुर्ता ठरू दे. नंतर महिनाभर तो घाल, बसने फिर, धू, पुन्हा घाल.

हे करताना तुझा जीव कुठे रमला ते तुलाच कळेल. रंगाच्या पातेल्यापाशी तासन् तास गेले आणि बेतताना नुसती कटकट झाली, तर एम.डेस. टेक्स्टाइलची तयारी आतापासून कर आणि पॅटर्नमध्ये पास होण्यापुरते मार्क घे, मी रागावणार नाही. बेतताना वेळ कसा गेला ते कळलं नाही, तर मग तुझी तक्रार त्या पंचवीस शीटांशी होती, कोर्सशी नव्हती. आणि दोन्हींत रमलीस तर तुझ्यासारखी माणसं मला वर्करूममध्ये नेहमी हवी असतात. सुट्टीत इंटर्नशिपला ये, पैसे थोडे मिळतील, चहा भरपूर.

कुर्ता झाला की फोटो पाठव, घालून आणि हात वर करून. आणि कापड घेतानाच पप्पांना विचारून मला कळव, सध्या मागावर किती इंच पन्हा चालू आहे. ४८ च्या वर असेल तर कळ्या आडव्या मांडता येतील का, ते मी इथे कागद कापून बघते.